रिठदची मूर्ती आणि गुरुजींची जीप

वैशाख पौर्णिमेला रिठदच्या नव्या विहारात बुद्धमूर्ती बसवायची ठरली. जयपूरहून येणारी मूर्ती वाशिमच्या रेल्वे स्टेशनावरून गावात आणायची कशी, हा प्रश्न समितीने बैठकीत मांडला आणि कोणी तोंड उघडायच्या आत देवमन अंभोरे गुरुजींनी तो सोडवूनही टाकला. ते म्हणाले, "माझी जीप आहे ना."

बैठकीत बसलेल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. जीप आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती रिसोडला गुरुजींच्या दारात उभी असते, हेही ठाऊक होतं. ती दारातून निघून कुठे पोचते का, एवढीच शंका होती. पण समितीचे अध्यक्ष पुंजाजी हे गुरुजींचे सासरे. भर बैठकीत जावयावर शंका घेणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि ठराव पास झाल्याचं सांगितलं.

देवमन गुरुजी रिसोडच्या हायस्कुलात गणित आणि शास्त्र शिकवायचे. जगातली कोणतीही गोष्ट दोन-चार नियमांवर चालते आणि ते नियम आपल्याला येतात, असा त्यांचा विश्वास होता. एका सरकारी खात्याने आपली जुनी जीप लिलावात काढली, तेव्हा गुरुजी खरं म्हणजे चष्म्याची काडी बदलायला वाशिमला गेले होते. लिलावात बाकीच्यांनी गाडीभोवती एकेक फेरी मारली आणि ते पानाच्या ठेल्याकडे निघून गेले. गुरुजींनी बॉनेट उघडून आत पाहिलं. चार सिलिंडर, एक पंखा, एक बॅटरी. यात न समजण्यासारखं काय आहे, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी बोली लावली. दुसरी बोली आली नाही. काडी तशीच राहिली.

मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली ती लांबोडी जीप होती. घरचे, पाव्हणे, शेजारी मिळून दहा-बारा माणसं सहज मावावीत. तिचं सेल्फ काम करत नसे. रेडिएटर गळायचं. पेट्रोलची टाकी थेंबथेंब रडायची. डावं दार वळणावर आपोआप उघडायचं आणि उजव्या बाजूला दारच उरलं नव्हतं. खड्डा आला की चाकांवरच्या कमानीचं, म्हणजे स्प्रिंगचं, एखादं पातं खाली लोंबायला लागायचं. गुरुजींच्या मते हे दोष नव्हतेच. त्यांच्या भाषेत ही सगळी "किरकोळ चलपदं" होती. एकदा समीकरण बसलं की सुटतील.

गाडी नावावर करायला ते अकोल्याला गेले, एस.टी.ने. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं की गाडी इथे आणून दाखवावी लागेल. गुरुजी म्हणाले, गाडी आणता आली असती तर मी एस.टी.ने कशाला आलो असतो. कारकून म्हणाला, येत नाही ती गाडी नावावर कशाला करता. यावर गुरुजींनी त्याला मालकी आणि गती या दोन वेगळ्या राशी आहेत हे टेबलावर बोट फिरवून समजावलं. कारकून चहाला निघून गेला. अशा बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी साहेब वाशिमला तपासणीला आले, त्या दिवशी मोसंबीच्या ट्रकमागे दोर बांधून जीप साहेबांपुढे हजर झाली आणि गुरुजींच्या नावावर चढली.

सल्ला द्यायला शेजारी नानाजी होतेच. नानाजींनी उभ्या आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. त्यामुळे कोणत्याही यंत्राविषयी त्यांच्या मनात गोंधळ नसे. रेडिएटरात हळद टाका, भोक आपोआप बुजते, असं त्यांनी सांगितलं. टाकीला धुण्याचा साबण चोळा, असंही सांगितलं. दोन्ही उपाय थोडेबहुत लागू पडले. तेव्हापासून गुरुजींची जीप तापली की तिच्यातून पिवळी वाफ निघायची आणि सगळ्या आळीत वरण उकळल्याचा वास सुटायचा. समोरच्या हिरीबाईंना मात्र हळद-साबण पटत नव्हतं. गाडीला नजर लागली म्हणून त्यांनी कोणाला न विचारता बंपरला लिंबू-मिरची बांधून टाकली. गुरुजींच्या घरात असल्या गोष्टींना छप्पनसाली, धम्मदीक्षेच्या वेळीच निरोप मिळालेला. त्यांनी ती सोडून हिरीबाईंच्या हातात अदबीने परत दिली, आणि त्या सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गुरुजींनी हे उदाहरण वर्गात सांगितलं. दुसऱ्या सकाळी ती सुरू झाली नाही, ते सांगितलं नाही.

सेल्फ नसल्यामुळे गाडीला रोज धक्का लागे. सुरुवातीला गुरुजी स्टिअरिंगवर बसत आणि बायको अंजनाबाई, नानाजी आणि येणारेजाणारे ढकलत. पण आरशातून पाहताना गुरुजींच्या लक्षात आलं की हे लोक चुकीच्या जागी हात लावतात. बल कुठे लावावं याची त्यांना समज नाही. म्हणून ते स्वतः खाली उतरले आणि अंजनाबाईंना वर बसवलं. त्यांना एवढंच सांगितलं की नुसतं बसायचं, मी म्हणेन तेव्हा डावा पाय सोडायचा.

अंजनाबाईंचं शिवणाचं मशीन होतं. पायाखालची पट्टी किती दाबायची आणि कधी सोडायची हे त्यांच्या पायाला आधीच कळत होतं. त्यांनी पाय सोडला, गाडी सुरू झाली आणि गुरुजींना तिथेच सोडून निघून गेली. पुढच्या वेळी गुरुजींनी त्यांना ब्रेक शिकवला. पण ब्रेक मारला की इंजिन बंद पडायचं आणि पुन्हा धक्का आला. मग असं ठरलं की गाडी हायस्कुलाच्या मैदानावर सुरू करायची, अंजनाबाईंनी थांबायचं नाही, मैदानाला गोल फेरी घालून परत यायचं आणि गुरुजींनी पळत येऊन आत उडी मारायची. गुरुजींची उडी रोज साधत नसे. ज्या दिवशी साधायची नाही त्या दिवशी अंजनाबाई आणखी एक फेरी मारत. त्यात गिअर बदलावा लागे, वळावं लागे, मध्येच बसलेल्या म्हशी चुकवाव्या लागत. गुरुजी आत आले की त्या शेजारी सरकत आणि पदर नीट करत. आपली बायको गाडी चालवते, असं गुरुजींना कधी वाटलंच नाही. ते स्टाफरूममध्ये अभिमानाने म्हणत, "माझ्या गाडीला सेल्फ नाही कोण म्हणतं? अंजनाच माझी सेल्फ आहे."

पौर्णिमेच्या दिवशी उजाडताच दोघं रिसोडहून निघाले. वाटेत रिठदला पुंजाजींना घेतलं. पुंजाजींनी कोरं धोतर, कोरा सदरा आणि पांढरंशुभ्र नवं उपरणं घातलं होतं. विहाराला निळ्या पताका लागल्या होत्या, चौकात चुली मांडल्या जात होत्या आणि आसपासच्या खेड्यांतून माणसं यायला लागली होती. मूर्ती बसवायला भंतेजी लांबून येणार होते आणि संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.ने त्यांना परत जायचं होतं, कारण दुसऱ्या सकाळी त्यांचा दुसऱ्या गावी कार्यक्रम होता. पुंजाजींनी गाडीत बसता बसता एवढंच विचारलं की दुपारपर्यंत येणं होईल ना. गुरुजी म्हणाले, जेवणाच्या आधी.

आणि खरंच, जाताना जीप अशी चालली की गुरुजींनाच जरा संशय आला. वाशिम आलं, स्टेशन आलं. पेटी पार्सल कचेरीत सुखरूप पडलेली होती, गवतात गुंडाळलेली. पुंजाजींनी लांबूनच हात जोडले. पण पार्सल कारकुनाने पेटी द्यायला नकार दिला. पेटी समितीच्या नावे आली होती, म्हणून समितीच्या अध्यक्षांचा शिक्का पाहिजे. पुंजाजी म्हणाले, मी स्वतःच अध्यक्ष आहे. कारकून म्हणाला, असाल, पण तुम्ही अध्यक्ष आहात हे शिक्क्याशिवाय मला कसं कळावं. शिक्का रिठदला, पुंजाजींच्या खुंटीवरच्या पिशवीत. म्हणजे अध्यक्ष होते, मूर्ती होती, गाडी होती, आणि एवढासा रबराचा तुकडा नव्हता म्हणून तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. गुरुजींनी कारकुनाला ओळख आणि पुरावा यांतला फरक समजावायला सुरुवात केली. कारकुनाने खिडकी लावून घेतली.

शेवटी अंजनाबाई बाजारात गेल्या. शिक्के करणाऱ्या म्हाताऱ्याला गाठून त्या त्याच्या दुकानासमोर बसून राहिल्या आणि नवा शिक्का घेऊनच उठल्या. कारकुनाने तो ओल्या शाईचा शिक्का पाहिला, समाधानाने मान हलवली आणि पेटी दिली. तोवर ऊन टाळूवर आलं होतं. हमालांनी पेटी मागच्या बाकड्यांमध्ये गवतावर नीट टेकवली, वर गाडीलाही धक्का दिला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की जेवणाच्या आधी नाही, पण जेवणाच्या सुमारास नक्की.

वाशिम मागे पडलं आणि उघड्या माळावर जीपला ठसका लागला. दोन-तीन ठसके देऊन ती गप्प झाली. गुरुजी खाली उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती, आनंदच होता, कारण हे कारण त्यांना माहीत होतं. उन्हाने पेट्रोल पंपातच उकळतं आणि त्याची वाफ होते. पंपावर ओलं फडकं गुंडाळलं की झालं. फडकं कोणाकडेच नव्हतं. अंजनाबाई लुगड्याचा पदर फाडायला निघाल्या, तेव्हा पुंजाजींनी खांद्यावरचं नवं उपरणं काढून दिलं. त्यांनी ते जावयाच्या हातात ठेवलं, तेव्हाचा त्यांचा चेहरा गुरुजींना पुढे बरेच दिवस आठवत राहिला. गाडीतल्या कळशीतल्या उरल्यासुरल्या पाण्याने उपरणं भिजवून पंपाला बांधलं, सगळ्यांनी मिळून गाडी उतारावर लोटली आणि ती सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "पाहिलं? शास्त्र आहे हे."

शास्त्र थोडं पुढे गेलं आणि बॉनेटमधून पिवळी वाफ उसळली. वरणाचा वास सुटला. सकाळपासून कोणी काही खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे तो वास तिघांनाही फार लागला. एका मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणून, इंजिन थंड होईतो बाभळीच्या विरळ सावलीत बसून मग रेडिएटर भरलं. एवढ्यात वाशिमहून रिसोडकडे जाणारी एस.टी. आली. ड्रायव्हरने मुद्दाम वेग कमी करून खिडकीतून विचारलं, काही मदत पाहिजे का. सगळी एस.टी. एका बाजूला झुकून पाहत होती, आणि तिच्यात गुरुजींच्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील होते. गुरुजी म्हणाले, नको, आम्ही मूर्तीला थोडी विश्रांती देतो आहोत. पुंजाजींनी मात्र कंडक्टरला हळूच सांगितलं की रिठदला थांबशील तेव्हा निरोप दे, आम्ही येऊन राह्यलो.

आता गाडी चढावर उभी होती. आत दगडाची मूर्ती, ढकलायला तिघंच. ढकलून ती बोटभर हलली नाही. राहिलं हँडल. गुरुजींनी पुढून हँडल घातलं, पाय रोवले आणि सगळ्या ताकदीने फिरवलं. इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल हातातून सुटलं आणि मनगटावर बसलं. गुरुजी रस्त्यावर बसले. मनगट बघता बघता टम्म सुजलं. हात मोडला नव्हता, पण बोटंसुद्धा मिटत नव्हती. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून पाहिला आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांना काही सुचेनासं झालं.

तेवढ्यात मागून रिकामी बैलगाडी आली. गाडीवान दौलतराव म्हणून जवळच्याच खेड्यातले शेतकरी होते, पुंजाजींच्या ओळखीचे. त्यांनी बैल थांबवले, सगळं ऐकून घेतलं, पेटीला बाहेरूनच हात जोडले. पुंजाजी म्हणाले, आता मूर्ती तुमच्या गाडीतच नेऊ, आणखी काय करणार. गुरुजींना सगळं डोळ्यांपुढे दिसलं. सगळ्या गावासमोर, पाच खेड्यांच्या लोकांसमोर मूर्ती दुसऱ्याच्या बैलगाडीतून जाईल आणि ते मागून हात गळ्यात बांधून चालत येतील. तरी त्यांनी मान हलवली. मूर्ती पोचणं महत्त्वाचं होतं.

नकार दिला तो दौलतरावांनी. ते म्हणाले, "पुंजाजी, नाई म्हनाची माही हिंमत नाई. पन माह्या गाडीले कमानी नाई. इथून पुढं नुसते दगडगोटे हाय. तडा गेला त म्या तोंड कसं दाखवू?"

ते खरं होतं. ऊन कलायला लागलं होतं. भंतेजी आतापर्यंत येऊन बसले असतील, हे तिघांच्याही मनात आलं.

अंजनाबाई जीपच्या डाव्या दारातून आत शिरल्या आणि स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. "मी नेतो गाडी," त्या म्हणाल्या. "दौलतरावभाऊ, तुमचे बैल जुपा पुढं. गाडी सुरू झाली की सोडजा."

गुरुजी उठून उभे राहिले. "अंजना, तुले मैदानातच चालवता येते. हा रस्ता हाय."

"मैदानात गोल फिरा लागते, मशी चुकवा लागतात," अंजनाबाई म्हणाल्या. "रस्ता त सरळच जाते."

दौलतरावांनी आपली गाडी निंबाखाली सोडली, बैल जिपेपुढे आणले आणि चऱ्हाट बंपरला बांधलं. गुरुजींनी डाव्या हाताने इशारा केला. अंजनाबाईंनी पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबून धरला. बैलांनी ओढ घेतली, जीप हलली, गुरुजी "सोड" म्हणाले, त्यांनी पाय सोडला आणि इंजिन एवढ्या मोठ्या आवाजाने सुरू झालं की बैल उधळले.

पुढे उधळलेले बैल, त्यांना बांधलेली जीप, जिपेत बुद्धमूर्ती आणि बाजूने धोतर सावरत पळणारे समितीचे अध्यक्ष, असं सगळं काही वेळ त्या चढावर चाललं. अंजनाबाईंनी ब्रेकवर दोन्ही पाय देऊन जोर लावला. खालून काहीतरी फाटकन वाजलं आणि ब्रेक जमिनीला टेकला तो वर आलाच नाही. त्यांनी गिअर काढायला दांडा ओढला, तर दांडाच मुळासकट हातात आला. त्यांनी तो शेजारच्या बाकावर ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. दौलतराव मात्र गडी तयार. पळत पुढे जाऊन त्यांनी चऱ्हाटाची गाठ सोडली, बैल शेतात घुसले, आणि जीप आपली शांतपणे पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत रस्त्याने चालू लागली.

गुरुजी पळत येऊन चालत्या गाडीत चढले. या वेळी उडी साधली. अंजनाबाईंनी त्यांना परिस्थिती सांगितली. ब्रेक नाही, गिअर बदलत नाही, आणि इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू कोण करणार. म्हणजे गाडी आता रिठदपर्यंत थांबवायची नाही. पुंजाजींना चालत्या गाडीतच वर ओढून घेतलं. ते घाम पुसत मागे पेटीजवळ बसले आणि एक हात पेटीवर ठेवून राहिले.

गुरुजींनी थोडा विचार केला आणि त्यांचं डोकं पुन्हा चालू लागलं. पहिल्या गिअरमध्ये गाडी भराभर चालणाऱ्या माणसाइतकीच पळते. एवढ्या वेगाच्या गाडीला चाकाखाली चांगला दगड पुरेसा आहे. ते खाली उतरले, कडेचे दगड तपासत गेले, पाचरीसारखा एक निवडला आणि डाव्या हातावर घेऊन पुन्हा पायरीवर उभे राहिले.

एस.टी.ने निरोप पोचवला होता. त्यामुळे गाव वेशीवर न थांबता बरंच पुढे येऊन रस्त्यावर उभं होतं. निळे झेंडे, ढोलकी, लेझीम, पांढऱ्या लुगड्यातल्या बायका. जीप दिसताच बुद्धवंदनेचे सूर उठले. अंजनाबाई आता थांबू शकत नव्हत्या आणि वेगानेही जाऊ शकत नव्हत्या. एवढ्या मोठ्या मिरवणुकीला नेमका तोच वेग लागत होता. एरवी मिरवणुकीतल्या गाड्या कधी पुढे पळतात, कधी अडतात. ही गाडी एका लयीत चालली. लेझीमवाल्यांना तर तिच्या घुरघुरण्याचा ठेकाच मिळाला. जुनी माणसं म्हणाली की अशी शिस्तीची मिरवणूक पाहिली नाही.

मग बायकांच्या लक्षात आलं की गाडी कोण चालवतंय. त्यांच्यात कुजबुज झाली, मग एकेक करत त्या पुढे आल्या आणि जिपेच्या दोन्ही बाजूंनी चालू लागल्या. माहेरची पोरगी, डोक्यावर पदर, नजर सरळ समोर. कोणीतरी खिडकीतून मोगऱ्याचा गजरा आत टाकला, तो गिअरच्या दांड्यावर जाऊन पडला. अंजनाबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातूनसुद्धा बाजूला पाहिलं नाही. ब्रेक नसलेल्या गाडीपुढे दोनशे माणसं नाचताहेत, हे फक्त त्यांना, पुंजाजींना आणि गुरुजींना माहीत होतं.

गुरुजी पुढच्या चाकाला लागून चालत होते. उजवा हात अंजनाबाईंच्या पदराच्या पट्टीत बांधलेला, डाव्या हातात छातीशी धरलेला दगड. ते एवढे गंभीर होते आणि दगड एवढा जपून धरला होता की तो पवित्र असल्याचा लोकांचा समज झाला. एका म्हातारीने पुढे येऊन दगडावर फूल ठेवलं. आणखी दोघींनी ठेवलं. एकाने विचारलं, गुरुजी, हा सारनाथचा का? गुरुजी खोटं बोलत नसत. पण त्या गर्दीत खरं बोललं असतं तर पळापळ झाली असती. ते म्हणाले, "लय कामाचा हाय. गर्दी करू नका."

विहारासमोर थोडा उतार होता. पायऱ्यांवर भंतेजी उभे होते, हातात पुष्पमाळ, नजर रस्त्याकडे. उताराला जिपेने वेग घेतला. गुरुजींनी ओरडून गर्दी बाजूला केली नाही. त्यांनी अंजनाबाईंकडे पाहिलं, अंजनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अंजनाबाईंनी स्विच बंद केला आणि त्याच क्षणी गुरुजींनी खाली वाकून दगड पुढच्या चाकाखाली असा बसवला, की जीप एकदा पुढे झुकली, मागे आली आणि पायऱ्यांपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. फुलं इकडेतिकडे उडाली. लोकांना तोही विधीचाच भाग वाटला. साधु साधु असा गजर झाला.

पेटी उघडली. मूर्तीला साधा ओरखडासुद्धा नव्हता. पांढऱ्या संगमरवरावर कलतं ऊन पडलं होतं आणि इतका वेळ गडबडणारं गाव एकदम शांत झालं. पुंजाजींनी भिजलेलं, तेलाने माखलेलं उपरणं पंपावरून सोडून आणलं आणि तेच खांद्यावर घेऊन ते मूर्तीसमोर बसले. कोणी दुसरं देऊ केलं तर त्यांनी घेतलं नाही.

वंदना झाली, मूर्ती स्थानापन्न झाली, भंतेजींना त्यांची एस.टी. मिळाली. मग आभार मानायला पुंजाजी उभे राहिले. आपल्याला दोन शब्द बोलायला सांगतील म्हणून गुरुजींनी चष्मा पुसून ठेवला होता. पुंजाजींनी गवंड्यांचे, वर्गणी देणाऱ्यांचे, दौलतरावांच्या बैलांचेही आभार मानले. मग थांबले.

"मूर्ती वाशिमहून माह्या पोरीनं आनली," ते म्हणाले. "आन् आमच्या जावईबापूनं दगड आनला."

टाळ्या फार जोरात पडल्या. गुरुजींचा चेहरा पडला. जीप त्यांची, योजना त्यांची, मनगट त्यांचं, आणि सगळ्या दिवसाच्या हिशेबात त्यांच्या नावावर एक दगड. त्यांनी उठून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण एका हाताने तो जमेना. म्हणून ते तसेच बसले.

जेवणाच्या पंगती उठल्यावर ते अंजनाबाईंना शोधत चौकात आले. अंजनाबाई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. जमिनीवर दोन थाळ्या पालथ्या ठेवलेल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि एकेक बाई बसून त्यांवर पाय ठेवत होती. एक तरुण सून डावा पाय झटकन उचलत होती. चुकतंय, असं गुरुजींच्या ओठांवर आलं, तोवर अंजनाबाईच म्हणाल्या, "तसा नाई वो बाई. हळू सोडा लागते. गाडी काय म्हनून राह्यली ते आंधी आयका लागते." सुनेने पाय हळू सोडला.

गुरुजी अंधारात खांबाला टेकून बराच वेळ पाहत राहिले. हे वाक्य आपण तिला कधी शिकवलं, ते आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. आठवलं नाही. मग त्यांना आठवत गेलं ते वेगळंच. मैदानातली उडी चुकली की पुन्हा एक फेरी मारून आपल्यासाठी परत येणारी गाडी. रोज परत येणारी. पहिला दिवस सोडला तर एकदाही ती त्यांना टाकून पुढे गेली नव्हती, आणि ते दर वेळी आत आले की म्हणत, सरक.

दुसऱ्या सकाळी रिसोडहून मेकॅनिक उदयसिंगला बोलावलं. त्याने दांडा बसवला, ब्रेकची नळी जोडली, रेडिएटरात डोकावून पाहिलं आणि हळद कमी करा असं सांगितलं. सगळं गाव धक्का द्यायला जमलं. गुरुजी सवयीने चालकाच्या बाजूकडे निघाले होते. दोन पावलं गेल्यावर ते थांबले, वळसा घालून डावीकडे आले आणि बसले. कोणी तरी विचारलंच, गुरुजी, तुमी नाई चालवत? गुरुजी ठणठणीत आवाजात म्हणाले, हात बरा होऊ द्या, मग पाहू.

शाळा उघडायच्या आतच हात बरा झाला. फळ्यावर पहिल्यासारखी गोल अक्षरं यायला लागली, त्या हाताने नानाजींना वादात टेबल बडवूनही दाखवता यायला लागलं. गाडीत मात्र गुरुजी डावीकडेच बसत राहिले. दार वळणावर उघडायचं, ते त्यांना धरून बसावं लागे. पण रस्ता या बाजूने जास्त नीट दिसतो, असं त्यांचं मत झालं होतं, आणि ते कोणी विचारलं नाही तरी सांगत.